अवघड जागेचे दुखणे आणि गादीवाल्याने कापून दिलेली उशी

गेले चौदा महिने मी ज्या उशीवर बसते आहे, ती कोणत्याही कंपनीची नाही. पुण्याच्या एका जुन्या पेठेतल्या गादीवाल्याने ती माझ्या मापाने कापून दिली. तिला साडेआठशे रुपये पडले आणि तिच्याआधी घेतलेल्या दोन तयार उशांवर मी त्याच्या तिप्पट खर्च करून बसले होते. या तिन्ही उशांविषयी आणि त्या दुकानाविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण बसले की दोन मांड्यांच्या मधल्या भागात जळजळ, टोचणी किंवा विजेच्या चटक्यासारखी वेदना ज्यांना होते, त्यांना दुकानात जाऊन नेमके काय मागावे हेच उमगत नाही. मलाही उमगत नव्हते.

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ अशी आपल्याकडे म्हण आहे. माझे जावई संगणक अभियंता असल्यामुळे म्हणीचा उत्तरार्ध मला लागू पडत नाही. पूर्वार्ध मात्र पुरेपूर लागू पडतो. एका पतसंस्थेत एकतीस वर्षे हिशेबाच्या टेबलामागे बसून काढली आणि निवृत्तीला तीन वर्षे उरलेली असताना हे दुखणे मागे लागले. आधी लघवीच्या तपासण्या झाल्या, मग मूळव्याधीचा संशय घेतला गेला, मग कमरेचा एमआरआय झाला आणि शेवटी ‘वयाप्रमाणे असे होतेच’ हे वाक्य ऐकून घ्यावे लागले. सगळे अहवाल नितळ होते आणि मला खुर्चीवर वीस मिनिटे बसवत नव्हते. दीड वर्षानंतर एका वेदनातज्ज्ञ डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले, तपासले आणि दुखण्याचे नाव सांगितले: प्युडेंडल न्यूराल्जिया, म्हणजे प्युडेंडल नावाच्या मज्जातंतूची वेदना. प्युडेंडल हा शब्द लॅटिनमधल्या ‘लाज वाटणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे, हे मला नंतर कळले. म्हणजे अवघड जागेला अवघड म्हणण्याची रीत केवळ आपलीच नाही.

उशी समजण्यासाठी हा मज्जातंतू थोडासा तरी समजून घ्यावा लागतो. पाठीच्या कण्याच्या शेवटी जे त्रिकास्थी असते, त्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांपासून हा मज्जातंतू निघतो, ओटीपोटाच्या हाडांच्या सांगाड्याबाहेर येतो, दोन चिवट अस्थिबंधांच्या मधून वळतो आणि पुन्हा आत शिरून अल्कॉक नावाच्या एका अरुंद बोगद्यातून पुढे जातो. गुदद्वार, त्याच्या आणि जननेंद्रियांच्या मधला भाग आणि बाह्य जननेंद्रिये या सगळ्यांची संवेदना त्याच्याच फांद्यांकडे असते. दोन अस्थिबंधांच्या मधली जागा आणि तो बोगदा, या दोन ठिकाणी तो चिमटला जाण्याची शक्यता अधिक असते. अवघड बाळंतपण, त्या भागातली शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, पुष्कळ सायकल चालवणे, खूप वेळ बसणे अशी कारणे सांगितली जातात. 1987 साली फ्रान्समध्ये या दुखण्याचे वर्णन झाले तेही सायकलस्वारांच्या संदर्भात झाले होते. पुष्कळदा एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. माझ्या बाबतीतही ते दाखवता आले नाही.

फ्रान्समधल्याच नांत या शहरातल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन ठरवलेले पाच निकष 2008 साली प्रसिद्ध झाले आणि ते आजही वापरले जातात. वेदना या मज्जातंतूच्या हद्दीत असावी, बसल्यावर वाढावी, तिने रात्री झोपेतून जाग येऊ नये, तपासणीत त्या भागाची संवेदना नाहीशी झालेली आढळू नये आणि मज्जातंतूपाशी भुलीचे इंजेक्शन दिल्यावर ती थांबावी, असे ते पाच निकष आहेत. यातला तिसरा निकष ऐकला तेव्हा मला रडू आवरले नाही. ‘रात्री तर शांत झोपतेस, म्हणजे इतके दुखत नसणार,’ हे घरच्यांचे म्हणणे मी दीड वर्ष ऐकत होते आणि जी गोष्ट माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली जात होती, तीच या दुखण्याची ओळख निघाली. दुसरी खूण सांगायला मला आणखी संकोच वाटला होता. खुर्चीवर जिवावर यायचे, पण कमोडवर बसले की बरे वाटायचे. डॉक्टरांना त्याचे काहीच नवल वाटले नाही. कमोडच्या बैठकीवर वजन कडेच्या हाडांवर जाते, मधला भाग अधांतरी राहतो आणि त्याच्यावरचा दाब नाहीसा होतो. चांगल्या उशीने नेमके एवढेच काम करायचे असते.

आता पहिली उशी. औषधांच्या दुकानात मिळणारी, हवा भरायची गोल रिंग मी सातशे रुपयांना घेतली. मूळव्याधीच्या रुग्णांना हीच देतात, असे दुकानदाराने सांगितले आणि ते खरेही असावे. पण गोल रिंगेत सगळे बूड एका भोकात लोंबते, रिंगेची कड बैठकीच्या हाडांच्या आसपास रुतते आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू खाली ताणले जातात. या दुखण्यात तेच स्नायू बहुधा आधीच आवळलेले असतात. पहिली दहा मिनिटे फार बरी गेली, अर्ध्या तासाने दुखणे आधीपेक्षा वाढले. शिवाय हवा थोडी कमी-अधिक झाली की बैठक एका बाजूला कलते आणि कंबर आखडते. कमोडचेही तसेच आहे. बरे वाटते म्हणून तिथे वर्तमानपत्र घेऊन बसून राहू नये, असे फिजिओथेरपिस्टबाईंनी मला बजावून सांगितले. ही रिंग मी आठ दिवसांत शेजाऱ्यांना देऊन टाकली.

दुसरी उशी ऑनलाइन मागवलेली, मेमरी फोमची, साडेअठराशे रुपयांची. मागच्या कडेला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच, वर मखमली कव्हर, खाली घसरू नये म्हणून रबरी ठिपके. दिसायला अतिशय देखणी. तिच्यात दोन दोष निघाले आणि ते दोन्ही समजायला मला तीन महिने लागले. पहिला दोष खाचेचा. ही खाच माकडहाडासाठी असते, म्हणून ती मागून सुरू होते आणि चार-पाच इंचांवर संपते. माझे दुखणे जिथे सुरू होते तिथे ही खाच संपत होती, म्हणजे खाचेची कड नेमकी नको तिथे टोचत होती. उशी उलटी फिरवून, खाच पुढे करून बसून पाहिले, तेव्हा पुष्कळ फरक पडला. ज्यांच्याकडे अशी उशी पडून आहे त्यांनी नवीन खर्च करण्याआधी हा प्रयोग जरूर करावा. दुसरा दोष फोमचा. मेमरी फोम शरीराच्या उष्णतेने मऊ पडतो आणि बसणाऱ्याचा आकार घेतो, ही त्याची कीर्ती आहे आणि आमच्यासारख्यांसाठी तीच अडचण आहे. हाडे खाली रुतत जातात, मधला भाग भरून येतो आणि ज्या जागेला स्पर्शही नको, त्या जागेला तो फोम आपुलकीने येऊन भिडतो. या दुखण्यात मऊ बैठकीचा मोह टाळावा लागतो, हे कळायला मला सोफ्यावरच्या अनेक संध्याकाळी खर्ची घालाव्या लागल्या. सोफ्यापेक्षा स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल कधीकधी सुसह्य वाटायचे, त्याचे कारणही हेच होते.

माप काढायची युक्ती फिजिओथेरपिस्टबाईंनी शिकवली. नालीदार पुठ्ठ्याचा एक तुकडा टणक स्टुलावर ठेवायचा, पातळ कपड्यांत त्यावर ताठ बसायचे, किंचित पुढे झुकायचे आणि उठायचे. पुठ्ठ्यावर बैठकीच्या दोन हाडांचे दोन खळगे उमटतात. सायकलींच्या मोठ्या दुकानांतही सीटचे माप याच रीतीने घेतात. माझ्या दोन खळग्यांच्या मध्यांतले अंतर साडेबारा सेंटिमीटर भरले. खाच याहून बरीच अरुंद हवी, म्हणजे दोन्ही हाडे फोमवर भक्कम टेकतील. आणि तरीही इतकी रुंद हवी की मधल्या भागाला कडा लागू नयेत. आम्ही आठ सेंटिमीटर ठरवली.

तो पुठ्ठा पिशवीत घालून मी गादीवाल्याकडे गेले. दुकान दहा फूट रुंदीचे, बाहेर कापसाच्या गाद्या आणि आत छतापर्यंत फोमचे थर. मालक साठीचे आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण कारागीर. “ताई, मूळव्याधीचं कुशन पाहिजे का?” असे मालकांनी नेहमीच्या सुरात विचारले. मी “नाही” म्हटले आणि पुठ्ठा पुढे केला. पुढची काही मिनिटे मला अवघड जाणार, असे वाटले होते, पण त्यांनी एकही जास्तीचा प्रश्न विचारला नाही. पुठ्ठ्यावरचे खळगे बोटांनी चाचपले, मधले अंतर टेपने पुन्हा मोजले आणि “म्हणजे वजन हितं पाहिजे अन् हितं नको,” असे म्हणून स्केचपेनने दोन रेघा मारल्या. ज्या गोष्टीसाठी मी दीड वर्ष शब्द शोधत होते, ती त्यांनी एका ओळीत मांडली. ते काही वैद्यक शिकलेले नाहीत. वजन कुठे जाते हे मात्र त्यांना आयुष्यभराच्या कामाने ठाऊक आहे.

फोमविषयी त्यांनी जे सांगितले ते येथे नोंदवणे आवश्यक आहे. बाजारात फोम ‘डेन्सिटी’ने विकला जातो. चाळीस डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला चाळीस किलो वजनाचा फोम. आकडा वाढला की फोम साधारणपणे जास्त टिकतो, पण तो तेवढाच कडक असेल असे नाही, कारण कडकपणा हा वेगळा गुण आहे आणि तो हाताने दाबून, शक्यतो वर बसूनच पाहावा लागतो. फोमच्या कापलेल्या तुकड्यांचा चुरा चिकटवून केलेला रंगीबेरंगी फोम म्हणजे रीबॉन्डेड; तो जड आणि घट्ट असतो. आमची उशी अशी ठरली: अठरा इंच रुंद, सोळा इंच खोल, खाली दोन इंच रीबॉन्डेड, वर दीड इंच चाळीस डेन्सिटीचा फोम, दोन्ही सोल्यूशनने चिकटवलेले. खाच मागच्या कडेपासून बारा इंच आत आणि पूर्ण आरपार. पुढचे चार इंच अखंड ठेवले, नाहीतर दोन्ही अंगे फाकली असती. खाचेच्या वरच्या कडा कारागिराने तिरक्या छाटून गोल केल्या. ही शेवटची गोष्ट मला सुचली नव्हती आणि उशीचा निम्मा आराम तिच्यात आहे.

उशी बरोबर झाली की नाही, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. टणक खुर्चीवर उशी ठेवून बसावे आणि मागून खाचेत हात घालून पाहावे. शरीर आणि खुर्ची यांच्यामध्ये बोटे मोकळी फिरली पाहिजेत. फोम पूर्ण दबून हाडे तळाला लागत असतील, तर फोम हलका आहे. माझ्या पहिल्या फेरीत वरचा थर बत्तीस डेन्सिटीचा घातला गेला होता आणि अर्ध्या तासात तो तळाला लागला. दुकानाने कटकट न करता तो बदलून दिला, फक्त चार दिवसांचे दोन आठवडे झाले. वेळ पाळणे या दुकानाला जमत नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. तीन खेपा मारल्याशिवाय वस्तू हातात पडत नाही. कव्हरची चेनही त्यांनी नेमकी मागच्या बाजूला, खाचेच्या तोंडाशी शिवली होती आणि ती टोचत होती. ती मी आमच्या शिंपीणबाईंकडून बाजूला बसवून घेतली आणि रेक्झिनचे कव्हर काढून जाड सुती खादीचे करून घेतले. रेक्झिन पुसायला सोपे असते, पण एप्रिलमध्ये त्यावर दहा मिनिटे बसणेही अशक्य होते.

उशीमुळे बैठक साडेतीन इंचांनी उंच होते, हे आधी लक्षात येत नाही. पाय अधांतरी राहिले की मांड्यांखाली दाब येतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. मी टेबलाखाली जेवणाचा जुना लाकडी पाट ठेवला आहे आणि पाय त्यावर टेकते. ज्या पाटावर पूर्वी मांडी घालून जेवायला बसत असे, तो आता पायाखाली आला, याची सासूबाईंना अजून रुखरुख आहे. पंगतीत किंवा हळदीकुंकवाला खाली बसणे या उशीने साध्य होत नाही. जमिनीवर मांडी घातली की ही उंची विचित्र होते. तिथे मी सरळ खुर्ची मागते. नाटकाला मात्र उशी घेऊन जाते. बालगंधर्व रंगमंदिरात मागच्या प्रेक्षकाला माझे डोके आड येऊ नये म्हणून कडेची किंवा शेवटच्या रांगेतली खुर्ची घेते आणि मध्यंतरात बसून राहत नाही. मुंबईच्या बसमध्ये ती चांगली चालते. रिक्षात फारशी चालत नाही, कारण तिथली बैठक मागे कललेली असते आणि गतिरोधकांवर उशीचा काही इलाज नाही. दुचाकी मी सोडून दिली आहे.

परिणामाविषयी बोलायचे तर, वीस मिनिटांवरून माझे बसणे आता सलग पन्नास मिनिटांवर आले आहे. हे श्रेय एकट्या उशीचे नाही आणि तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. अमिट्रिप्टिलीन हे मूळचे नैराश्यावरचे औषध मज्जातंतूंच्या वेदनेसाठी लहान मात्रेत देतात. मला ते हळूहळू वाढवत दिले. तोंड कोरडे पडणे आणि सकाळची गुंगी हे त्याचे त्रास पहिला महिना फार जाणवले. प्रीगॅबॅलिन, गॅबापेन्टिन, ड्युलॉक्सेटिन ही औषधेही या कामी वापरतात. मज्जातंतूपाशी भुलीचे इंजेक्शन एकदा घेतले. ते निदानासाठी होते, त्याने काही तास पूर्ण शांतता मिळाली आणि पुढचे काही आठवडे बरे गेले. सोनोग्राफी, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवर पाहत ते देतात, त्यामुळे मनात धरलेल्या भीतीपेक्षा ते पुष्कळ सोपे निघाले. अशा इंजेक्शनांनी भागले नाही तर मज्जातंतू मोकळा करण्याची शस्त्रक्रियाही आहे; माझ्यावर ती वेळ आलेली नाही.

सर्वांत मोठा फरक फिजिओथेरपीने पडला आणि तिथेच मी आधी स्वतःचे सर्वांत जास्त नुकसान करून घेतले होते. बाळंतपणानंतर सांगतात तो आकुंचनाचा व्यायाम, केगेल, मी मैत्रिणीच्या सल्ल्याने दोन महिने नेटाने केला. माझे स्नायू ढिले नव्हते, आवळलेले होते. आवळलेल्या मुठीला आणखी आवळण्याचाच तो प्रकार झाला. आता मी उलटे शिकते आहे: पोटाने खोल श्वास घेताना ओटीपोटाचा तळ सैल सोडायचा, शौचाला जोर करायचा नाही, पायाखाली लहान स्टूल घ्यायचे आणि रात्री इसबगोल चुकवायचा नाही. जोर केल्याने हा मज्जातंतू ताणला जातो, म्हणून पोट साफ राहणे हा येथे उपचाराचाच भाग आहे. ओटीपोटाच्या तळावर काम करणारे फिजिओथेरपिस्ट कमी आहेत. शोधताना ‘पेल्विक फ्लोअर’ हे शब्द स्पष्ट उच्चारून विचारावे, लाजून नुसते ‘कंबर दुखते’ म्हटले तर कमरेचेच व्यायाम पदरात पडतात. मी ते पाच आठवडे केले आहेत.

एक सूचना मात्र उशीच्या आधी द्यायला हवी होती. त्या भागाला अचानक बधिरता आली, लघवी किंवा शौच यांवरचा ताबा गेला किंवा दोन्ही पायांत अशक्तपणा आला, तर गादीवाला शोधत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ती मणक्यातल्या मज्जातंतूंवर दाब आल्याची खूण असू शकते. दुखण्याने रात्री जाग येत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण मग कारण दुसरेच असण्याची शक्यता तपासावी लागते.

चौदा महिन्यांत वरचा थर उजव्या बाजूला सुमारे पाव इंच बसला आहे. मी उजवीकडे कलून बसते, असे फिजिओथेरपिस्टबाई म्हणत होत्या आणि मी ते मान्य करत नव्हते. उशीने त्यांच्या बाजूने साक्ष दिली. गेल्या सोमवारी जाऊन नवीन थराची मागणी नोंदवली. या वेळी खाच अर्धा इंच पुढे न्यायची आहे आणि उचलायला बाजूला एक कापडी बंद लावून घ्यायचा आहे. मालकांनी जुना पुठ्ठा मागितला नाही. माझी मापे त्यांनी दुकानातल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, नाव न लिहिता नुसती ‘खाचवाल्या ताई, 8 सेंमी’ अशी पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. त्यांनी शनिवार सांगितला आहे, म्हणजे मी पुढच्या बुधवारी जाईन.